ङ कुणी मागितला नाही

आमच्या दुकानाचा इतिहास लिहा म्हणतात.
वीस बाय दहाच्या खोलीला कसला इतिहास?
पण नगरपरिषदेच्या स्मरणिकेत अर्धं पान रिकामं राहिलंय
आणि स्मरणिका लावतोय आम्हीच, तेव्हा—

सुरुवात होडीपासून.
वेंगुर्ल्यात मांडवीला, बर्फाच्या कारखान्यामागे,
रूपाजी गिरप होड्यांवर नंबर घालायचे.
नंबराचे पाच रुपये, नावाचे दहा,
नावात ळ असला तर वर चार बांगडे.
त्यांचा ळ वेगळा होता:
डावा गोळा मोठा, उजवा त्याच्या कुशीत निजलेला.
माणसं वाळूवरून ओळखायची,
ती 'वेताळकृपा' ना, ती रूपाजीच्या हातची.

मग इनास फर्नांडिस आला, बगलेत जाळीची चौकट.
कोकम आगळाची लेबलं, काजूची पाकिटं.
लेबल लालभडक आणि बाटलीतलं आगळ काळसर,
गिऱ्हाईक म्हणालं, खोटं दिसतंय.
इनासने थेंबभर काळा मिसळला.
त्या रंगाला आम्ही अजून 'इनास' म्हणतो.

मी आले एक्क्याण्णवला. दहावी, गणित राहिलेलं.
कामावर ठेवलं ब्रश धुवायला.
सहा महिने नुसत्या शिरोरेघा मारल्या.
"अक्षरां उभी रवनत नाय, बाय, लोंबतत.
दोरयेर सुकत घातलेल्यो वाकट्यो बघलंस ना?
पयली दोरी वड. मगे मासे."
दशावताराच्या एका फलकावर
मी पहिल्यांदा 'नाट्यमंडळ' लिहिलं.
काही बोलले नाहीत.
रॉकेलच्या बोळ्याने फक्त ळ पुसला
आणि पुन्हा काढला.

अठ्ठ्याण्णवला कॉम्प्युटर,
इनासच्या भावाने मस्कतहून पाठवलेल्या पैशांतून.
रूपाजी महिनाभर त्याला पाठ करून बसायचे.
मग एकदा म्हणाले, ह्येच्यात 'दर्या' घाल.
मी घातला.
पडद्यावर 'दऱ्या' उमटल्या.
इतके हसले की खोकला लागला:
"मागलो दर्यो, गावलो डोंगर!"

नंतर फ्लेक्स. वाढदिवस, निवडणूक,
हार्दिक, हार्दिक, हार्दिक.
इनास गोव्याला गेला, परत आला, परत गेला, परत आला.
होड्यांना स्टिकर लागले.
रूपाजी दुपारचे येऊन बसायचे, चहा बशीत ओतून घ्यायचे,
कारण कप हातात हलायचा.

त्यांचा श्रद्धांजलीचा फलक आमच्याच मशीनवर निघाला.
रूपाजी लवू गिरप. भावपूर्ण श्रद्धांजली.
अख्ख्या मजकुरात एक ळ नव्हता.
मी म्हटलं, खाली 'मित्रमंडळ' घालूया,
एक तरी येईल.
इनास म्हणाला, मंडळ कसलं, आपण दोघंच.

आता पुण्याहून एक मुलगा येतो, अन्वय नावाचा.
त्यांच्या अक्षरांचा फॉन्ट करायचाय म्हणतो.
ओढून ठेवलेल्या होड्यांचे फोटो काढतो,
माळ्यावरच्या फळ्या उतरवतो,
कोळीष्टकं पुसून यादीवर खुणा करतो.
ऋ सापडला एका 'ऋणानुबंध' लॉजच्या पाटीवर.
ळचे एकतीस नमुने.
ङचा एकही नाही.

खरंच आहे. ङची होडी कोण बांधील?
ङचं लोणचं, ङचा उमेदवार, ङकडची वरात—
एवढ्या वर्षांत कुणी मागितलाच नाही.

मुलगा म्हणतो, तुम्हीच काढा, तुम्हाला हात माहीत आहे.
ड येतो मला, त्यांचा.
अडलंय टिंबापाशी.
पोटाला चिकटून ठेवलं असतं त्यांनी,
की जरा सुटं,
मोठ्या होडीमागे दोरीने बांधलेल्या होडक्यासारखं?

चार दिवस कागद भरतेय.
इनास येऊन बघतो, मान हलवतो, चहा सांगतो.
स्मरणिका शुक्रवारी छापायला जायची.
इथे जागा सोडली आहे.