चौघींची बेरीज

दवाखान्यातल्या काट्यावर एकटीनं उभं राहावं लागतं.
समोर डॉक्टर, मागे रांग,
आणि आकडा असा मोठ्यानं वाचतात
जणू लिलावात मासा पुकारताहेत.
मी दोनदा गेले. तिसऱ्यांदा नाही गेले.

देओलिंडा म्हणाली, आपल्याकडे आहे की काटा.
मातोझिन्योशच्या आमच्या कारखान्यात, मागच्या दाराशी,
सार्डिनचे क्रेट तोलायचा, पाचशे किलोपर्यंतचा,
खवल्यांनी चकाकणारा लोखंडी पाट.
शुक्रवारी पाळी संपल्यावर
गमबूट काढले, एप्रन काढले,
ग्रासिएतनं तर कानातलेसुद्धा काढले,
आणि आम्ही चौघी एकदमच चढलो,
तोल जाऊ नये म्हणून एकमेकींच्या कमरेला धरून.

तीनशे एकाहत्तर.

त्यात कुणाचे किती, ते काट्यालाही कळलं नाही.
अबिलियू मुकादम म्हणाला, आज आवक बरी आहे.
हसू दिलं त्याला.
दाराच्या आतल्या बाजूला खडूनं आकडा लिहिला
आणि तशाच चालायला निघालो,
मच्छीच्या वासासकट, पूल ओलांडून,
दीपस्तंभ दिसेपर्यंत. पोहोचेपर्यंत नव्हे.
तेवढा दम पहिल्या महिन्यात नव्हताच.

मग सदुसष्ट. सहासष्ट. पुन्हा सदुसष्ट, कारण ईस्टर.
डब्यात कोबी वाढला, पाव अर्धा झाला,
पेस्ट्रीच्या दुकानापुढून जाताना
देओलिंडा तिच्या सासूचे किस्से सांगायची,
दुकान मागे पडलं की थांबायची.
ते किस्से खोटे होते, हे पुढे कळलं.

आणि एका शुक्रवारी काटा थेट
तीनशे त्रेसष्टवरून एकोणसाठवर.
आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात
देओलिंडानं हात वर केला.
आपला हिशोब पाव-अर्ध्या किलोचा.
हे चार कुठून गेले?

कुणी बोलेना.
इदालिनाच्या स्कर्टला कमरेशी दोन सेफ्टीपिना होत्या.
लेकीचं लग्न मे महिन्यात,
आणि बाई अकरा दिवस काळ्या कॉफीवर,
वर उकडलेल्या पाल्याचं पाणी.
डबा रोज उघडायची आमच्यासमोर
आणि पाठ वळली की मांजराला घालायची.
आम्ही म्हणायचो, हे मांजर काय बाळसं धरतंय!

त्या संध्याकाळी चाललो नाही.
देओलिंडाच्या स्वयंपाकघरात बसलो,
भाजलेले मासे, मुठीएवढे बटाटे, वर ऑलिव्हचं तेल,
पालेभाजीचं दाट सूप.
कुणी तिला जेव म्हटलं नाही.
आम्ही जेवत राहिलो, सावकाश,
आणि तिची वाटी पुढे सरकवून ठेवली.
सूप निवलं. ग्रासिएतनं गरम केलं. पुन्हा निवलं.
तिसऱ्यांदा गरम केलं तेव्हा तिनं चमचा उचलला.

पुढच्या शुक्रवारी तीनशे एकसष्ट.
वजन वाढलं म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या बायका
अबिलियूनं जन्मात पाहिल्या नसतील.

माझंही सांगते. नोव्हेंबरात
मी रात्री-अपरात्री उठून पाव खाल्ला,
उभ्यानं, लोणी लावून, दिवा न लावता.
ज्या महिन्यात बोट परत आली नाही तो महिना, एवढं पुरे.
शुक्रवारी चढताना माझे पाय जड होते.
पण बेरीज होती तेवढीच राहिली.
म्हणजे कुणीतरी
माझ्या वाटचंही चालून आली होती.
कोण, ते मी विचारलं नाही.
बेरजेत हातचा कुणाचा, हे थोडंच विचारतात?

आता माझ्या घराचे बासष्ट जिने-पायऱ्या
मी एकदाच थांबून चढते, पूर्वी चारदा थांबायचे.
दीपस्तंभाला हात लावून परत येतो.
इदालिनाचा ड्रेस लग्नात थोडा घट्टच होता.
ती त्यात नाचली.

आज तीनशे त्रेचाळीस.
खडू ठेवून उतरत होतो,
तर पॅकिंगमधली नवी पोरगी, फिलोमेना,
दाराआड उभी, एप्रनची गाठ सोडू की नको करत.

काटा पाचशेपर्यंतचा आहे, देओलिंडा म्हणाली.
आणि आम्ही थोड्या सरकलो.