पंक्चर

मेळ्याला एकोणीस दिवस उरलेत.
फॉर्म फ्रेंचमध्ये आहे, एका पानाचा,
कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याएवढा मेणाचा डाग.
वस्तूचं नाव. उंची. वजन.

वजन कुठलं लिहू?
आत्ता ती मेणाची आहे,
जरा उन्हात राहिली तर हँडल वाकतं.
शुक्रवारी मातीआड जाईल,
आणि जमलंच तर
रविवारी रात्रीपासून पितळेची.
'तीन' लिहिते.
किलो की दिवस, ते त्यांनी ठरवावं.

बाबा कडुनिंबाखाली बसलेत.
चाळीस वर्षं त्यांच्या हातून घोडेस्वार निघाले,
एकाच चेहऱ्याचे, एकाच भाल्याचे;
विमानात बसून परदेशी गेले.
आमच्या घरातलं विमानात बसलेलं
तेवढंच.
आता बोटं थरथरतात.
मेणाला सगळं कळतं,
थरथर घोड्याच्या पायात उतरते
आणि घोडा लंगडा होतो.
मी मागितलं नाही, त्यांनी दिलं नाही;
एका सकाळी मेणाची वाटी
माझ्या बाजूला सरकलेली होती.

घोडा मला आला असता. केला नाही.
मी केली एक बाई, मोपेड ढकलत नेणारी,
मागे कोंबड्यांची टोपली,
कमरेच्या कापडाचं टोक दातांत.
वागाडुगूची दुपार, बाराची वेळ.
वेळ पितळेत कशी दाखवायची?
मान खाली घातली तिची, एवढंच.

"ही कोण?"
"लामूसा मावशी."
"तिची मोपेड चालू कधी होती?"
"म्हणून तर पंक्चर केली."
बाबा काही बोलले नाहीत.
बाजरीच्या पिठाचं पाणी ढवळत राहिले,
पीठ कधीच विरघळलेलं होतं.

माती मळली गाढवाची लीद घालून.
घोड्याची महागलीय;
मेळा जवळ आला की लीदसुद्धा भाव खाते.
पहिला थर पातळ, पापणीवर लावावा तसा,
मग जाड, मग त्याहून जाड,
शेवटी मावशीचा झाला रताळ्यासारखा गोळा
आणि तो भिंतीवर वाळत बसला
बाकीच्या रताळ्यांसोबत.

आरुनाने भंगार आणलं:
नळाच्या तोट्या, किल्ली हरवलेली कुलपं,
शाळेची तडा गेलेली घंटा.
रात्री भट्टी पेटली.
मेण वितळून वाहून जातं
तेव्हा अंगणभर मधाचा वास सुटतो.
त्या वेळी आत बाई नसते.
आत तिची जागा असते फक्त,
तिच्या वाकलेल्या मानेची, कोंबड्यांची,
दातांतल्या कापडाची.
त्या अंधारात आम्ही घंटा ओतली, कुलपं ओतली.

सकाळी गोळा फोडला.
बाई आली. कोंबड्या आल्या, एकीची चोचसुद्धा.
पुढचं चाक मात्र अर्धं.
वरची कमान तेवढी, खाली काहीच नाही.
पितळ कमी पडलं, की आधीच गार झालं;
आरुना म्हणाला घंटेचा दोष,
मी म्हणाले आरुनाचा.
मग मी दाराआड जाऊन बसले.
फॉर्म द्यायची उद्या शेवटची तारीख.

बाहेरून खोकला ऐकू आला.
गेले तर बाबा हसत होते.
तुटक्या चाकावरून बोट फिरवत होते
आणि हसता हसता खोकत होते.
"पंक्चर म्हणाली होतीस ना?
मग हवा गेली. चाकासकट गेली."

परत ओतू दिलं नाही.
कानस घेतली, चाकाची धार घासायला बसले.
कानशीला थरथर चालते.
दुपारपर्यंत त्यांच्या मांडीवर
सोन्यासारखा भुसा पडला होता,
एक कोंबडी, खरीखुरी,
येऊन त्यात टोचून गेली.

कांदेवालीच्या तराजूत मावशी तोलली.
दोन किलो आठशे.
'तीन' खोडलं नाही,
पुढे लिहिलं: चाकाएवढं कमी.

कारागिराचं नाव. तिथे ओळ एकच आहे.
तलातो, असं मी सुरुवात केली
आणि बाबांनी फॉर्म धरून ठेवला,
वाऱ्याने उडू नये म्हणून.

उंचीचा रकाना अजून रिकामा आहे.
बाई वाकलेली आहे.
कुठून मोजायची?