हे बिल नाही

पाकिटातल्या कागदावर पहिलीच ओळ, जाड ठशात : हे बिल नाही.
मग काय आहे, मी ऑर्विनला विचारलं.
तो डाव्या हाताने सूप पीत होता,
उजवा उशीवर ठेवलेला, पाहुण्यासारखा.

डुलूथमध्ये त्या रात्री चौदा इंच बर्फ पडला.
बर्फ उडवायच्या यंत्राच्या तोंडात गोळा अडकला
आणि माझ्या नवऱ्याने, ज्याने तीस वर्षं
अख्ख्या गल्लीला बजावलं की हे करू नका,
यंत्र बंद केलं आणि आत हात घातला.
बंद यंत्रातही एक हिसका शिल्लक असतो.

इमर्जन्सीत शिरताना अडीचशे. कोपे.
दाराशी बूट काढावेत तसे काढून ठेवले.
बोट सुजून जांभळं, अंगठी निघेना.
एका पोरसवदा नर्सने छोट्या चक्राने ती कापली,
वाकडी झालेली माझ्या तळहातावर ठेवली
आणि सॉरी म्हणाली.
नंतर कागदावर ती ओळ सापडली :
अंगठी कापणे, अठ्ठ्याऐंशी डॉलर.
आम्ही ती एकशे दहाला घेतली होती.

हेल्पलाइनवर सदतीस मिनिटं पियानो ऐकला.
मग डेल्फीन नावाची बाई आली, ओमाहाहून, सर्दी झालेली.
म्हणाली, पहिले तीन हजार सर्वस्वी तुमचे.
डिडक्टिबल. तोवर आम्ही फक्त बघतो.
बघता म्हणजे?
मोजतो.
तीन हजार ओलांडलेत की आम्ही येतो,
पण तुम्हालाही सोबत चालावं लागतं :
शंभरातले ऐंशी आमचे, वीस तुमचे.
कोइन्शुरन्स.

मी शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांना मापून वाढते,
हिशेब मला कळतो. तरी तोंडून निघून गेलं,
म्हणजे पाच बोटांतलं एक आमचं?
पलीकडे थोडा वेळ फक्त नाक ओढल्याचा आवाज.
असं म्हणता येईल, डेल्फीन म्हणाली.
आईच्या डोळ्याच्या वेळी मीही
असंच काहीतरी मोजलं होतं.

पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले :
चौदा हजार दोनशे. त्यातून तीन हजार, आमचे.
उरले अकरा हजार दोनशे, त्यांचे वीस टक्के,
बावीसशे चाळीस, तेही आमचे.
आणि दाराशी काढून ठेवलेले ते वेगळे.

निदान उंबरठा तरी ओलांडला, ऑर्विन म्हणाला.
आता या वर्षात काय दुखायचं ते दुखू दे,
खांदा दाखवतो, कानातली घंटा दाखवतो,
हातात अकरा दिवस आहेत.
त्याच्या आवाजात चक्क उत्साह होता, सेल लागल्यासारखा.
फोन केले. सगळीकडे पहिली तारीख
जानेवारीची सहा.

एकतीसच्या रात्री शेजारच्या टाउनोने
गोठलेल्या सरोवरावर फटाके उडवले.
आम्ही खिडकीतूनच पाहिले, दिवा न लावता.
बाराच्या ठोक्याला ऑर्विन म्हणाला,
चला, आपण पुन्हा बाहेर.

फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा सांगितली होती.
आम्ही दोनदा गेलो. एकूण.
मग मी शाळेतून बनपावाच्या पिठाचा गोळा आणू लागले,
ओल्या फडक्यात, डब्यात घालून.
मुख्य आचारीण मार्गिट सगळं जाणते,
वजनकाट्याकडे पाठ करून उभी राहते.
संध्याकाळी तो पीठ दाबत बसतो,
ओठ मिटून, बातम्या बघत.
पिठावर बोटांचे ठसे उमटतात,
एक खोल, तीन बेताचे, एक नाहीच.

काल त्याने हात दिव्याखाली धरला.
अंगठा वळला. तर्जनी, मधलं,
करंगळीसुद्धा कुरकुरत का होईना.
अनामिका तशीच उभी,
बुंध्याशी अंगठीचा पांढरा वळ घेऊन.

हे आपलं, तो म्हणाला.

मी गोळा पुन्हा ओला केला
आणि त्याच्या हातात दिला.