हातचा एक

डीनबाईंचा निरोप: एक पान, फार तर दीड.
जूनमध्ये केंद्र बंद होतंय.
बंद नाही म्हणायचं, विलीन.
कागदावर इथे कुणीच मरत नाही.

तर, इतिहास.
१९३४. रजिस्ट्रारच्या हाताखाली एक टेबल, एक टाइपरायटर.
१९४१. मानसशास्त्र विभाग, तळघर.
१९५८. शिक्षण महाविद्यालय. पुन्हा तळघर, पण कोरडं.
१९७३. विद्यार्थी सेवा. पहिल्यांदा खिडकी मिळाली.
१९९६. संशोधन उपाध्यक्ष, कारण स्कॅनरचं बिल त्यांनी भरलं.
विंचवाचं बिऱ्हाड.
दर मुक्कामाला नवं लेटरहेड,
आणि जुन्या लेटरहेडच्या पाठीवर
कुणाच्या तरी कच्च्या बेरजा.

संचालक सात. फोटो सहांचे.
डॉ. ऑर्विल टेग्टमायर यांनी ठराव आणला
की परीक्षेला परीक्षा म्हणू नये, मापन म्हणावं.
डॉ. लुएला ब्रँट आल्या त्या वर्षी
अनुदान निम्मं झालं.
हा योगायोग असल्याचं इतिवृत्तात दोनदा लिहिलंय.

वेस्ट फोर्क, नेब्रास्का. शून्याखाली नऊ.
पार्किंगपलीकडे बर्फातून वर आलेली
कापलेल्या मक्याची खुंटं.
मी खोका क्रमांक एकतीस उघडते.

आत पुठ्ठ्याच्या चाळण्या.
बरोबर उत्तराच्या जागी भोक.
उत्तरपत्रिकेवर ठेवायची,
भोकातून दिसतील तेवढ्या काळ्या खुणा मोजायच्या.
एक चाळणी मी खिडकीशी धरून पाहते:
साठ ठिकाणी बर्फ बरोबर पडतोय,
उरलेला पुठ्ठ्याआड.
कडेला पेन्सिलीनं, बारीक: व्ही. एच.

कोण व्ही. एच.?
रचनेच्या तक्त्यात चौकोन आहेत,
चौकोन जोडणाऱ्या रेघा आहेत.
ती बहुधा रेघेत असावी.
शेवटी सापडते पगाराच्या वहीत:
वर्ना हॉकिन्सन, ताशी पंचाहत्तर सेंट, तात्पुरती.
एकोणतीस वर्षं तात्पुरती.

मार्च १९५२ चं इतिवृत्त, कलम सहा:
"ग्रामीण शाळांच्या निकालात किरकोळ दुरुस्ती. नोंद घेतली."
पुढचं कलम कोट अडकवायच्या खुंट्यांबद्दल आहे
आणि ते पाऊण पान चाललंय.

बाकीचं सांगते खोक्याच्या तळाची वही.
अकरा शाळांतली सगळीच पोरं
एकोणिसाव्या प्रश्नाला कशी चुकतील?
तिला खटकलं. बाकी कुणाला नाही.
चाळणी उलटसुलट पाहिली तेव्हा कळलं,
पोरं नव्हती चुकली, भोक चुकलं होतं.
मग तीन रात्री, चारशे बारा पेपर,
एकेक पुन्हा.
खर्चाच्या रकान्यात: कॉफी, दोन सफरचंदं,
हातमोज्यांची एक जोडी, स्वतःच्या पैशानं.
शेवटच्या ओळीत:
अडतीस मुलं रेषेच्या वर गेली.
त्याखाली रेघ. सही नाही.

दर्यापूरला आमच्या बोंद्रेबाई सांगायच्या,
हातचा लिहायचा बारीक,
वर, कोपऱ्यात,
आणि उत्तर आलं की खोडून टाकायचा.
वहीत घाण नको.
पण विसरलात, तर गणित गेलं.

मी पान लिहिलं. पाच पत्ते, सात संचालक,
कलम सहाच्या जागी चार ओळी, नावासकट.
डीनबाईंनी परत पाठवलं:
सुंदर झालंय, फक्त या चार ओळी जागेअभावी काढूया?
डॉ. टेग्टमायर यांचा फोटो थोडा मोठा घेता येईल.

काढल्या.
फोटो मोठा केला. कपाळ बरंच आलंय त्यात.
आणि पहिल्या बेरजेच्या वर, उजव्या कोपऱ्यात,
सहा पॉइंटमध्ये
वर्ना हॉकिन्सन
एवढंच टाकून पान पुन्हा धाडलं.

चार दिवस झाले.
उत्तर अजून आलेलं नाही.