न उचललेले पाच किलो

आमच्या मशीनच्या काचेला
दिवाळीपासून मिरचीचा वास येतो.
पथारीवर दिवसभर देठं खुडून आलेल्या बाया
एकामागून एक अंगठा टेकवतात,
मी काच पुसतो, आणि विसरून
तोच हात डोळ्याला लावतो.
रेशनवाला रडतोय, म्हणून पोरं नंदुरबारभर सांगत सुटतात.

इठाबाईचा अंगठा तर कधीच लागत नाही.
रेषा गेल्या देठांबरोबर.
आधी उजवा, मग डावा, मग राहिलेली बोटं,
मग मशीन उचलून मी दाराबाहेर, रेंजच्या मागे,
पार पंक्चरवाल्याच्या पत्र्यापर्यंत,
आणि माझ्या मागे ती,
जणू मी तिची कोंबडी घेऊन पळतोय.

भाऊबीज झाली, त्या महिन्यात
चार माणसांच्या कार्डावर
एकाचंच धान्य दिसलं.
वीसच्या जागी पाच.
"मना पंधरा किलो कोठे गयात रे, उखा?"
रांग माझ्याकडे बघायला लागली,
रेशनवाल्याकडे बघतात तशी.

मी चिठ्ठी फाडली. वाचली.
गुजरात. सुरत. उधना.
तीन माणसांचं उचललं, तारीख चार.

इठाबाई तांदळाच्या कट्ट्यावर बसली.
"परत वाच."
परत वाचलं.
"तारीख भी वाच."

भाईदास दोन वर्षांमागे गेला, बायको-पोरीला घेऊन.
कोणी म्हणतं शेळी विकली त्यावरून,
कोणी म्हणतं सुनेच्या एका शब्दावरून.
नंबर बदलला. गाडी रोज सुरतेहून येते,
त्यातून कोणी काही निरोप आणला नाही.
"म्हंजे जेवस तो," ती म्हणाली. "तिन्ही जेवतस."
आणि पंधरा किलोंचं भांडण तिथेच मिटलं.

तेव्हापासून ती पिशवी विसरते, पण चिठ्ठी मागते.
बटव्यात, चुन्याच्या डबीखाली, घडी घालून.
त्या कागदावरची शाई टिकत नाही,
दोन-तीन महिन्यांत उधना पुसट होतं, मग सुरत,
मग नुसता पांढरा तुकडा.
तोही ती टाकत नाही.

होळीनंतर म्हणाली, "मना वाटा राहू दे या महिना.
शहरमा पुरस का तेवढामा? तो उचली ली."
कार्ड एकच, तसं उचलता येतं, हे तिला कोणी सांगितलं
मला माहीत नाही.
म्हटलं, "पण त्याला कळणार कसं?"
"जशे माले समजनं, तशे त्याले समजी."
आणि गेली. रिकामी पिशवी काखेत.

मग रोज दुकान लावताना मी तिचा नंबर टाकून बघायचो.
दहा तारीख. वीस. चारही माणसं शिल्लक.
मला वाटलं, आजारी असेल. वाटलं, आणखी पुढे गेला असेल, वापीला, मुंबईला.
इठाबाईला मी तोंड दाखवत नव्हतो.

शेवटच्या रात्री साडेनऊला पडदा हलला.
उधना. तीन उचलले.
एक शिल्लक.

महिनाभर तो तिची वाट बघत होता बहुतेक,
आईनं तिचं घेतलं की आपण घेऊ.
आणि तिनं घेतलं नाही तेव्हाही
तिच्या पाचाला हात लावला नाही.

सकाळी सांगितलं. ती आधी हसली. "येडा."
मग पिशवी उघडून धरली, "दे मंग आते."
आता कुठून देऊ? महिना संपला, बाई,
बारा वाजले की ते जातात.
"कोठे जातस?"
तिनं खरंच काट्याखाली वाकून पाहिलं.

मी वहीत त्या रकान्यात शून्य लिहिलं,
आणि चालू महिन्याचे पाच मापायला घेतले.
तेवढ्यात सुरतेची गाडी रुळावरून गेली.
गाडी गेली की आमचा काटा थरथरतो,
आकडे वरखाली होतात.
आम्ही दोघं तो थांबायची वाट बघत उभे राहिलो.