नमुना चौदा

सेलूहून बर्फाच्या डब्यात आला
सोजर घनवटचा घसा,
कापसाच्या काडीवर.
नाव दारातच गळालं; उरला नमुना चौदा.

मशीन रात्रभर वाचत राहिलं
ए, जी, जी, टी, ए…
गावात भाट यायचा, चोपडी उलगडून
कुणाचा कोण, कुठून आला सांगायचा,
तसंच. फक्त हा पाहुणा
वाटेत एखादं अक्षर बदलतो.

पहाटे कळलं: कावळ्यांचा नाही,
चौथ्या शेडमधल्या कोंबड्यांचाच.
माणसाकडून माणसाकडे अजून नाही.
‘अजून’ मी खोडलं. परत लिहिलं.

दुपारी रिपोर्ट विचारायला तिचा फोन. खोकत म्हणाली,
ताई, समदी पिलं खड्ड्यात घातली, वर चुना,
हाताचा वास काही जाईना.
त्यो दिसला का तुमच्या मशिनीत?