अकरा वीसचा टॉवेल

घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनंच जायचं,
हा इथला अलिखित नियम.
रस्ता एका बसपुरता. समोरून दुसरी आली
तर एकीनं मागं सरायचं, पार मागच्या वळणापर्यंत.
उजवीकडे खडक, डावीकडे कमरेएवढी भिंत,
भिंतीपलीकडे थेट अटलांटिक.

मुइरिश सोळा वर्षं हीच बस चालवतो.
"डावीकडे पाहा. त्या बेटाला आम्ही मेलेला माणूस म्हणतो.
उताणा पडलाय, हात पोटावर.
ढग आले की पांघरूण ओढून घेतो."
बावीस फोन डावीकडे वळतात,
बसही जराशी कलल्यासारखी वाटते.

पुढं ओढा, रस्त्यावरूनच वाहणारा.
"इथं पूल बांधायचं सरकारच्या मनात आहे,
माझ्या आजोबांच्या लग्नापासून."
हशा. बरोबर तिथंच हशा.
मग मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दगडी झोपड्या,
चुना नाही, माती नाही,
दगड दगडाच्या भरवशावर.
तिकीट तीन युरो, गल्ला बिस्किटांच्या डब्याचा,
डब्यामागं टाइग, ज्याच्याकडे सुट्टे कधीच नसतात.

नंतर एक घर येतं.
त्याच्याबद्दल मुइरिश माईकवर काहीच बोलत नाही.
पांढरं, बुटकं, फ्युशियाच्या लाल कुंपणाआड.
अकरा वीस.
दोरीवर लाल टॉवेल असला
की आई उठली, शेगडी पेटली, गुडघे ठीक.
निळा असला तर संध्याकाळी दूध, पाव आणि गोळ्या.
ठरवून काहीच झालं नव्हतं.
बाप गेला त्या हिवाळ्यात कधीतरी सुरू झालं,
आणि दोघांनीही त्याचा विषय काढला नाही.
फोन आहे घरात. पण फोनवर बरी आहेस का विचारलं
तर गोबनेट म्हणते, का, मेले असं कुणी सांगितलं?
टॉवेल असा अंगावर येत नाही.

आज दोरी रिकामी.
दोन चिमटे, आणि वारा.

पुढच्या विनोदाचा अर्धा भाग तोंडातच राहिला.
त्यानं ब्रेक दाबला.
"फोटोसाठी थांबतोय. सात मिनिटं."
लोक उतरले, इकडं तिकडं पाहू लागले.
इथून समुद्र दिसत नव्हता, बेटही नाही.
एक कुंपण, एक दोरी,
आणि माणसांना विटलेली एक मेंढी.
फाटकाची कडी काढायची सोडून
चोपन्नाव्या वर्षी ड्रायव्हर फाटकावरून उडी मारतोय,
त्याचाही कुणीतरी फोटो घेतला.

आई टेबलाशी. चष्मा नाकाच्या टोकावर,
मांडीवर टॉवेल, हातात सुई.
"रात्रीच्या वाऱ्यानं कड फाटली," ती म्हणाली,
"आणि पाऊस पडतोय. पावसात कपडे वाळत घालायला
मी काय खुळी आहे?"

इथं निम्मं वर्ष पाऊस.
त्या निम्म्या वर्षातही टॉवेल होताच दोरीवर,
निथळत, जड होऊन, जवळजवळ गवताला टेकत.
हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.
तो बोलला नाही.

"बस उभी आहे ना तुझी?"
"हो."
"लोक भिजतायत."
"हो."
तिनं दातानं दोरा तोडला.
"धर. डोकं पूस आधी."

इतक्या वर्षांत त्यानं तो पहिल्यांदाच हातात घेतला.
लांबून वाटायचा त्यापेक्षा लहान.
खारा वास, पीटच्या धुराचा वास,
आणि मधोमध विरलेला, जाळीसारखा.

बसमध्ये बसून पट्टा लावताना कळलं,
टॉवेल खांद्यावरच राहिलाय.
म्हणजे संध्याकाळी यावं लागणार.
म्हणजे उद्या काय लावणार ती?
आरशात पाहिलं. दार बंद. धुरांड्यातून धूर,
तिरका, वाऱ्याबरोबर.

तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी हात वर केला.
लाइपझिगच्या, वहीत सगळं टिपणाऱ्या.
"त्या दोरीचं काय महत्त्व?"
मुइरिशनं माईक घेतला, घसा खाकरला.
"सहावं शतक," तो म्हणाला.
कुणीच हसलं नाही.
बाईंनी लिहून घेतलं.